व्याह्याच्या पुढे धावू नये

त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत धर्मपाल तायडे आयुष्यात तीनदाच धावले होते. एकदा लहानपणी, वलगावच्या शिवारात गांधीलमाश्यांच्या पोळ्याला दगड मारल्यावर. एकदा अमरावतीच्या स्टँडवर, सुटलेल्या अकोट गाडीमागे. आणि तीसुद्धा ड्रायव्हर पान खायला उतरला म्हणून सापडली. तिसऱ्यांदा, कार्यालयात अंगठा लावून हजेरी देण्याचं यंत्र बसलं त्या पहिल्या सोमवारी. त्या दिवशी इतके लोक धावले की यंत्रच बंद पडलं, आणि मग पुढे कोणाला धावायची गरज उरली नाही.

असा हा त्रेपन्न वर्षांचा, वरिष्ठ लिपिक पदावर बसून बसून खुर्चीचा आकार अंगी बाणवलेला गृहस्थ सातपुड्याच्या पायथ्याशी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. तुम्ही म्हणाल, थापा आहेत. अहो, थापाच मारायच्या असत्या तर एकवीसवर कशाला थांबलो असतो, बेचाळीस सांगितले असते.

झालं ते पोह्यांपायी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तायडे मंडळी अकोल्याला गवईंकडे घर पाहायला गेली होती. तायडेंची रश्मी आणि गवईंचा सुगत यांनी एकमेकांना केव्हाच पसंत करून टाकलं होतं. मोठ्यांनी फक्त पोहे खाऊन ते जाहीर करायचं होतं. बैठकीत शिरल्या शिरल्या धर्मपालांचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे रंगीत फितींना लटकलेली सतरा पदकं होती. पदकांच्या बरोबर खाली सोफ्यावर उत्तमराव गवई बसलेले, उंच, सडसडीत, मिशा पांढऱ्या आणि पाठ ताठ. वर पदकं, खाली असा माणूस. याची बेरीज करायला लिपिक असण्याचीही गरज नव्हती.

"वा गवईसाहेब!" धर्मपाल म्हणाले, "या वयात धावण्याची सतरा मेडलं! काय तब्येत ठेवली तुमी!"

उत्तमराव नुसते हसले, मिशीवरून बोट फिरवलं आणि चहाचा घोट घेतला. माणसानं बोलून केलेल्या चुका निस्तरता येतात. हसून केलेल्या फार लांब जातात.

"तुमी करता का काही व्यायाम?" त्यांनी उलट विचारलं.

इथे एखादा शहाणा माणूस 'कुठला व्यायाम अन् कुठलं काय' म्हणून सुटला असता. पण समोर सतरा पदकं, बाजूला लेक, हातात पोह्यांची तिसरी बशी आणि तोंडात घास. मुलीचा बाप म्हणून सगळ्याच बाबतीत कमी पडायचं म्हणजे काय?

"धावतो ना जी," धर्मपाल म्हणाले. "रोज आठ-दहा किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी मंग एकवीस."

ज्योत्स्नाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ठसका लागला. रश्मी बंद पंख्याकडे फार जिज्ञासेनं पाहू लागली.

स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचं पातेलं घेऊन सुगतच्या आई इंदूबाई उभ्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराला छडी कधी मारली गेली नाही. बाई फक्त म्हणायच्या, 'पुन्हा एकदा सांग बरं,' आणि पोरगं घडाघडा खरं ओकायचं.

"भाऊ," इंदूबाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा बरं."

धर्मपालांनी हातातली बशी खाली ठेवली. पण सरकारी नोकरीत एकदा लिहिलेला शेरा खोडायचा नसतो.

"सुट्टीच्या दिवशी एकवीस," ते म्हणाले.

"छान झालं. आमच्या घरात काय आहे, कमी शिकलेला चालते, कमी कमावणारा चालते. खोटं बोलणारा तेवढा चालत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी अकोटच्या पुढे, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी शर्यत आहे. शेतातून, टेकडीवरून, बरोबर एकवीस किलोमीटर. साडेचार तासांत पुरी करायची. तुमचं नाव टाकून देते. यांचंही टाकते. पोरांचं साक्षगंध त्याच्या पुढच्या रविवारी ठेवू, लग्नाचं मग पाहू."

उत्तमरावांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. धर्मपालांना वाटलं, आनंदानं.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येताच रश्मी म्हणाली, "बाबा, त्या आईंना खोटं अजिबात खपत नाही. सुगतनं लहानपणी एकदा गृहपाठाचं खोटं सांगितलं, तर त्यांनी त्याला आठ दिवस 'अहो गवई' म्हणून हाक मारली होती."

"मी खोटं बोललो नाही," धर्मपाल खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आगाऊ बोललो. सहा आठवड्यांत खरं करून दाखवतो. कार्यालयात याले कार्योत्तर मंजुरी म्हणतात."

"घरात याले फजिती म्हणतात," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला धर्मपाल नवे बूट घालून फाटकाबाहेर पडले. कॉलनीत बातमी आधीच पोचली होती, कारण बूट आणताना त्यांनी खोकं उघडं धरलं होतं. शेजारचे नत्थुजी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेच होते. नत्थुजी मूळचे कौंडण्यपूरकडचे, सत्तरी ओलांडलेले, आणि जगात अशी एकही गोष्ट नव्हती जी त्यांनी तरुणपणी जास्त जोरात केली नव्हती.

"असे काहून पळता पाय आपटत?" ते ओरडले. "टाचा उचला टाचा! मी जत्रेत सुटलेल्या गोऱ्ह्यापुढे पळालो होतो. नदी आडवी आली तं पाण्यावरून चार पावलं गेलो, मंग बुडालो."

धर्मपाल टाचा उचलून कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे खरी अडचण सुरू झाली. वऱ्हाडात माणूस उगाच धावत नाही. पँट घातलेला मोठा माणूस धावताना दिसला की कोणाकडे तरी काहीतरी झालेलं असतं. वलगाव रोडवर पहिल्याच सकाळी एक स्कूटरवाले करकचून थांबले.

"काय झालं तायडेसाहेब? कोण गेलं?"

"कोणी नाही. धावून राहिलो."

"सांगू नका मले. बसा मागं. कुठं सोडू?"

आता समोरचा माणूस कामधाम सोडून थांबला आहे, सीट पुसून देतो आहे, आणि त्याला नाही म्हणायचं? धर्मपालांच्या घराण्यात हे कोणी केलेलं नव्हतं. ते बसले. वलगावला उतरले. तिथून परत धावत निघाले तर एक दूधवाला थांबला. पहिल्या आठवड्यात धर्मपालांचं एकूण चोपन्न किलोमीटर झालं. त्यातलं पायांनी झालेलं तीन.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी रस्ता सोडला आणि संत्र्यांच्या बगिच्यांच्या कडेनं धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, धावायला सुरुवात केली. तिथे स्कूटर येत नाही. तिथे कुत्री येतात, आणि कुत्री बसा म्हणत नाहीत. धर्मपालांची खरी प्रगती त्या कुत्र्यांनी केली. मार्चच्या मध्यापर्यंत ते अकरा किलोमीटर धावून जिवंत घरी येऊ लागले. पोट दोन बोटं आत गेलं. आरशासमोर जरा जास्त वेळ जाऊ लागला. एकदा तर ज्योत्स्नाबाईंनी त्यांना गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारताना पाहिलं आणि काही न बोलता खाली जाऊन वरणात तुपाचा चमचा जास्त टाकला.

मग शर्यतवाल्यांचं पत्र आलं. पन्नाशीच्या पुढच्यांनी डॉक्टरांचा दाखला जोडावा. धर्मपाल आपले सरकारी माणूस. दाखला म्हणजे सरकारीच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली आणि छापील नमुना पुढे ओढला.

"कशासाठी योग्य लिहू?"

"धावण्यासाठी."

"तसा नमुना नाही आपल्याकडे. रजेवरून रुजू होण्यास योग्य, असा आहे. रजेवर आहात का?"

"नाही."

"मग आधी रजेवर जा."

शेवटी पाऊण तासाच्या वाटाघाटीनंतर 'जड वस्तू उचलणे वगळता सर्व कामांस योग्य' असा दाखला मिळाला. धर्मपालांचं वजन तेव्हा ब्याऐंशी होतं. म्हणजे तो दाखला काटेकोर वाचला असता तर त्यांना खुर्चीतून उठायचीही परवानगी नव्हती.

त्याहून अवघड होती मुख्यालय सोडण्याची परवानगी. मार्चअखेर म्हणजे कार्यालयाची लगीनघाई. वर्षभर झोपलेल्या फायली जाग्या होऊन एकदमच रडू लागतात. कार्यालयप्रमुख गीतांजली मॅडमनी अर्ज दोनदा वाचला.

"कारण, धावणे?" त्यांनी विचारलं. "तायडे, मार्चमध्ये सगळ्यांनाच पळावंसं वाटतं. अर्ज मात्र तुम्ही पहिलाच केला."

परवानगी मिळाली. खाली शेरा होता: 'सदर कर्मचाऱ्याने धावतेवेळी भ्रमणध्वनी चालू ठेवावा.'

उरला प्रश्न हवेचा. वऱ्हाडातला मार्च म्हणजे मारक्या म्हशीसारखा. सकाळी अंग चाटील, दुपारी शिंग लावील. नत्थुजींचं ठाम मत होतं की त्या दिवशी ऊन लागणार. "खिशात कांदा ठेवा. दोन खिशे, दोन कांदे. ऊन बाधत नाही." त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंचं त्याहून ठाम मत होतं की गारा पडणार. "पलस असा भरून फुलला की गारा पडतेच. पोत्याची खोळ घेऊन जा डोक्यावर." त्या दोघांचं एकेचाळीस वर्षांत कशावरच एकमत झालं नव्हतं, त्यामुळे धर्मपालांनी दोन्ही घेतलं. युरियाचं रिकामं पोतं धुऊन, एक कोपरा दुसऱ्यात खोचून दुर्गाबाईंनी स्वतः खोळ करून दिली.

आणि निघताना ज्योत्स्नाबाईंनी शेवटची सूचना दिली. तीच पुढे भोवली.

"मुलीचे बाप आहात. ईवायाच्या, गवईसाहेबांच्या पुढे धावू नका. मागं राहा. पण फार मागं नका राहू, बरं दिसत नाही."

रविवारी पहाटे डोंगराच्या पायथ्याशी अशी काही गार हवा होती की धर्मपालांना हुरूप आला. आभाळ भरलेलं, मोहाच्या फुलांचा गोडूस वास सुटलेला, संदल बँड वाजतोय, छातीला क्रमांक लावलेली तीनेकशे माणसं जागच्या जागी उड्या मारताहेत. धर्मपालांनीही दोन मारल्या. खिशातले कांदे मांड्यांवर आपटले.

उत्तमराव आले. अंगात चकाकणारं जांभळं जाकीट. बाह्या मात्र कोपरापर्यंतच पोचत होत्या. धर्मपालांना वाटलं, अनुभवी लोक अशीच घालत असतील, हात मोकळे राहायला. चेहरा जरा पिवळा दिसत होता. इंदूबाई पँट आणि टोपी घालून आल्या होत्या. सकाळी गारठा आहे, बाईंनी बरं केलं, असंही धर्मपालांना वाटलं. "चला, मी पुढे होते," इंदूबाई म्हणाल्या आणि गर्दीत घुसल्या. पुढे म्हणजे शेवटच्या मांडवात, ज्योत्स्नासोबत डबे सांभाळायला, हे धर्मपालांनी आपलं आपणच समजून घेतलं.

सहाच्या ठोक्याला शर्यत सुटली. काय सांगू, पहिले चार किलोमीटर धर्मपाल वाऱ्यावर होते! दोन्ही बाजूंना पिवळा पडलेला गहू, पाय आपोआप पडताहेत, दम लागत नाही, वलगावची कुत्री सत्कारणी लागली. एकच अडचण होती. दर दहा पावलांना पुढे उत्तमरावांची पाठ यायची आणि धर्मपालांना वेग आवरावा लागायचा. सतरा पदकांचा मालक इतका हळू का धावतो, हे त्यांना उमजेना. मग उमजलं. माणूस मोठ्या मनाचा आहे. आपल्यासाठी थांबतोय!

पाचव्या किलोमीटरला पांदण लागली. दोन्हीकडे काटेरी कुंपण, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. तिच्या तोंडाशी उत्तमराव बाजूला झाले.

"व्हा पुढे."

"छे छे! तुमी मुलाकडचे. तुमी आधी."

"तायडेभाऊ, आपल्यात हे मुलाकडचे-मुलीकडचे मानतच नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे. तुमी आधी."

"तत्त्व मले मान्य आहे जी. पण वयानं तुमी मोठे."

"पाहुणे तुमी."

"पाहुणे कसे? ही काय तुमची पांदण आहे?"

हा विचारविनिमय चालू असताना मागे पंचवीस-तीस धावपटू गोळा झाले. कोणी घड्याळ पाहतंय, कोणी जागच्या जागी धावतंय. "काका, कोणी तरी एक निघा ना हो!" एक मुलगी रडकुंडीला येऊन ओरडली. "नाही तर इथंच लगन लावून टाका!" दुसरा म्हणाला. शेवटी मागच्यांनी मिळून असा रेटा दिला की दोघंही व्याही खांद्याला खांदा अडकलेल्या अवस्थेत, कुंपणाचे काटे दोन्हीकडून सोशीत, बरोबरीनं पांदणीतून बाहेर पडले. तत्त्वही राहिलं आणि मानही. जांभळ्या जाकिटाची मात्र एक बाही पांदणीतच राहिली.

टेकडी चढताना ढग फाटले आणि सूर्य असा बाहेर आला जणू त्यालाही कोणी मागून रेटलं. आठ वाजले नाहीत तर दगड तापले. माथ्यावर पोचता पोचता धर्मपालांचा फोन वाजला. खाली गावात रेंज नव्हती. कड्याच्या टोकावर नेमकी होती.

"तायडे, पुनर्विनियोजनाची फाईल कुठे आहे?" रविवारी, मार्चअखेरीला, मॅडम कार्यालयात होत्या.

"मॅडम... डावं... कपाट... तिसरा... खण..."

"असे का बोलताय? पळताय का?"

"हो... मॅडम..."

"अहो, पळू नका. मी रागावले नाही."

फोन ठेवून वळतात तो उत्तमराव दिसेनात. दिसले तेव्हा ते मोहाच्या झाडाखाली आडवे होते. डोळे पांढरे, मिशा खाली. धर्मपाल धावत जवळ गेले. पुढच्या रविवारी साक्षगंध, आणि आज व्याही मोहाखाली! त्यांनी खिशातला कांदा काढला, दगडावर ठेवला आणि बुक्कीनं असा फोडला की रस स्वतःच्याच डोळ्यांत गेला. मग आंधळेपणानं चाचपडत त्यांनी तो व्याह्याच्या नाकाशी धरला. पहिल्यांदा कानाशी धरला गेला, पण नंतर नाक सापडलं.

उत्तमराव शिंकत उठून बसले. दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि डोळ्यांत पाणी आलं की माणसाच्या तोंडून खरं निघतं, मग ते पाणी कांद्याचं का असेना.

"गवईसाहेब," धर्मपाल म्हणाले, "मले माफ करा. मी खोटं बोललो. त्या दिवसापर्यंत मी चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा गाडीनं जात होतो. तुमची सतरा मेडलं पाहिली अन् जीभ घसरली."

उत्तमरावांनी उरलेल्या बाहीनं नाक पुसलं.

"ती मेडलं माझी नाहीत."

"मंग?"

"इंदूची आहेत. निवृत्त झाल्यापासून धावून राहिली ती. हे जाकीटही तिचंच. तुमी त्या दिवशी माझी एवढी तारीफ केली, मी म्हटलं आता मधी काहून बोलावं. फक्त हसलो. तुमी गेल्यावर ती म्हणाली, हसलात ना? आता धावा. सहा आठवडे मैदानाला चकरा मारून राहिलो, तायडेभाऊ. आज पहाटे पोट बिघडलं ते भीतीनं."

धर्मपालांना सगळं लख्ख दिसलं: बाह्या, टोपी, पँट, 'मी पुढे होते.' भिंतीवर पदकं आणि खाली पुरुष दिसला की बेरीज करून मोकळं व्हायचं! तीस वर्षं बेरजा केल्या त्या अशाच केल्या की काय, या विचारानं त्यांना क्षणभर कार्यालयाचीही काळजी वाटली.

"आता त्यांना सांगाले लागन," ते म्हणाले.

"लागन. तुमी सांगा आधी."

"छे छे! घरच्या बाई. तुमी आधी."

हे ठरण्याच्या आत वारा सुटला. पळसाची फुलं, धूळ, पाचोळा, सगळं एकदम आभाळात गेलं. दिवसाढवळ्या काळोख झाला. आणि टप्पकन पहिली गार पडली. मग बोराएवढ्या पडल्या, मग आवळ्याएवढ्या. नत्थुजी हल्ली सांगतात तेव्हा त्या नारळाएवढ्या असतात, पण ते त्या दिवशी अमरावतीला ओट्यावर होते. विजा चमकू लागल्या तसं झाड सोडून दोघंही उतारावरून धूम पळाले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसातले सर्वांत जोरात तेव्हाच पळाले. एकाच युरियाच्या पोत्याखाली दोन डोकी, चार पाय, वर तडतड तडतड. पायथ्याशी शेतात गुरांचा कोठा होता, त्यात शिरले. आत एक गाय उभी होती. तिनं धर्मपालांच्या खिशातला दुसरा कांदा हुंगला आणि तोंड फिरवलं.

गारांचा जोर ओसरला तोच कोठ्याच्या दारात चिखलानं माखलेली एक आकृती उभी राहिली. डोक्याला टोपी, गळ्यात चकचकीत पदक, अठरावं.

"काहून बसले दोघं इथं?" इंदूबाई म्हणाल्या. शर्यत केव्हाच पुरी करून, मांडवात चहा पिऊन, या दोघांना शोधत त्या सहा किलोमीटर उलट्या आल्या होत्या.

दोघे व्याही उभे राहिले. शाळेत पोरं उभी राहतात तसे.

"तुमी सांगा," धर्मपाल कुजबुजले.

"नाही, तुमी."

"एकदम सांगा," इंदूबाई म्हणाल्या.

दोघांनी एकदम सांगितलं. गायही ऐकत होती. धर्मपालांच्या डोळ्यांसमोर रश्मी उभी राहिली, बंद पंख्याकडे पाहणारी.

"यांचं मले त्याच दिवशी माहीत होतं," इंदूबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या. मग धर्मपालांकडे वळल्या. "तुमचंही. तुमी दारात जोडे काढले होते. तळ कोरे करकरीत. रोज दहा किलोमीटर धावणारा माणूस असे जोडे ठेवते का? ज्योत्स्नाताईंना मी त्याच रात्री फोन केला. त्या म्हणाल्या, पाहू, काय करतेत ते."

"म्हणजे ज्योत्स्नाला मेडलांचंही माहीत होतं?"

"रश्मीलाही. तुमी विचारलंच कुठं कोणाला?" त्यांनी टोपी पिळली. "भाऊ, खोटं बोलून घरी बसणारा मले चालत नाही. पण आपलं खोटं खरं कराले जो सहा आठवडे पहाटे उठते, कुत्र्यांच्या पुढे पळते, त्याचं काय करावं, हे अजून ठरवलं नाही. आधी पुरे करा एकवीस. सव्वा तास उरला आहे. उठा!"

बाहेर मात्र काळी माती वाट पाहत होती. आमच्याकडची काळी माती भिजली की पाहुण्याला सोडत नाही. दर पावलाला बुटाखाली थर चढू लागला. अर्ध्या किलोमीटरात धर्मपाल चार बोटं उंच झाले, एका किलोमीटरात वीतभर. पाय उचलला की माती उठायची, बूट उठायचा, आणि शेत उठतं की काय असं वाटायचं. डॉक्टरांचा शेरा आठवला: जड वस्तू उचलणे वगळता.

"काढा ते बूट!" इंदूबाई कडाडल्या. "वलगावच्या शिवारात बूट घालून पळत होते का लहानपणी?"

धर्मपालांनी बूट काढले, फिती बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी सुटले. आणि काय आश्चर्य! पायाला गार चिखल लागला तसा गांधीलमाश्यांपुढे पळालेला दहा वर्षांचा धर्म्या आतून उठला. उत्तमरावांनीही जोडे काढले. एका बाहीचं जांभळं जाकीट फडफडतंय, डोक्यावर पोत्याची खोळ, मागून इंदूबाई हाकताहेत: "डावा, उजवा! बोलू नका! श्वास घ्या!" ऊन पुन्हा पडलं, चिखल वाफाळला, बँड ऐकू येऊ लागला. शेवटचा बांध, शेवटचं वळण, आणि समोर कमान. कमानीवर लाल आकड्यांचं घड्याळ: चार तास एकोणतीस मिनिटं तीस सेकंद.

"या! या लवकर!" ज्योत्स्नाबाई पदर खोचून ओरडत होत्या. रश्मी उड्या मारत होती. तीस सेकंद, चाळीस पावलं. छाती फुटेल असे धावले दोघं. पस्तीस... बेचाळीस... पन्नास... रेषा अवघ्या हातभर अंतरावर आली.

आणि धर्मपाल थांबले.

त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा पाय व्याह्याच्या पायापुढे पडतोय. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं, वाकले आणि उजवा हात लांबवला.

"तुमी आधी."

उत्तमरावही थांबले. तेही वाकले. त्यांचाही हात लांब झाला. "नाही भाऊ. कांदा तुमी लावला नाकाले. तुमी आधी."

"पोतं दोघांनी धरलं होतं. तुमी."

"अरे, जा ना!" सगळा मांडव ओरडला. बँड थांबला. घड्याळ काही थांबलं नाही. इंदूबाईंनी कपाळावर हात मारला, दोन पावलं मागं गेल्या, आणि पातेलं फडताळात सरकवावं तसं दोघांनाही दोन हातांनी पलीकडे ढकललं.

चार तास तीस मिनिटं अकरा सेकंद. शर्यतवाल्यांनी पदक दिलं नाही. नियम तो नियम. केळं मात्र एकेक दिलं.

धर्मपाल केळं हातात धरून मान खाली घालून उभे राहिले. इंदूबाई समोर आल्या.

"भाऊ, त्या दिवशी काय म्हणाले होते तुमी? पुन्हा एकदा सांगा बरं."

"सुट्टीच्या दिवशी... एकवीस."

"आज रविवार. झाले एकवीस?"

"झाले."

"वेळेत धावतो असं म्हणाले होते का?"

धर्मपालांनी आठवून पाहिलं. "नाही."

"मंग खोटं कुठं आहे यात?" इंदूबाई म्हणाल्या आणि ज्योत्स्नाबाईंकडे वळल्या. "ताई, डबा उघडा. अन् पुढच्या वर्षी तुमचं नाव टाकून देते."

साक्षगंध ठरल्या रविवारी झालं. नत्थुजी आणि दुर्गाबाई आले होते. ऊन खरं की गारा खऱ्या, यावर जेवणाच्या पंगतीत त्यांचं भांडण झालं आणि दोघंही जिंकले.

गवईंच्या बैठकीत आता अठरा पदकं आहेत. त्यांच्याखाली एक मोठा फोटो लावला आहे, शर्यतीच्या फोटोवाल्यानं काढलेला. त्यात चिखलानं माखलेले दोन अनवाणी गृहस्थ, एकाच्या डोक्यावर युरियाचं पोतं, दुसऱ्याच्या जाकिटाला एकच बाही, एका पांढऱ्या रेषेच्या अलीकडे एकमेकांपुढे कमरेत वाकलेले आहेत. गळ्यात बूट, हात लांब केलेले, वर लाल आकडे. घरी आलेला पाहुणा फोटो न्याहाळतो आणि हमखास विचारतो, "मग शेवटी आधी कोण गेलं?"

दोघं व्याही तेव्हा सोफ्यावर शेजारी शेजारी बसून पोहे खात असतात. ते मान वर न करता एकमेकांकडे बोट दाखवतात.